मुंबई ते बार्शी : महाराष्ट्रातील कर्करोग नोंदणीचा इतिहास

ठरावीक हद्दीत राहणाऱ्या लोकांपैकी किती जणांना, कोणत्या वयात आणि कोणत्या अवयवाचा कर्करोग झाला, याची वर्षानुवर्षे खंड न पडू देता ठेवलेली नोंद म्हणजे लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी. भारतातली अशी पहिली नोंदणी जून 1963 मध्ये मुंबईत सुरू झाली. ग्रामीण भागासाठी देशातली पहिली नोंदणी सुरू व्हायला त्यानंतर चोवीस वर्षे जावी लागली. ती 1987 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत उभी राहिली. एक महानगरातली, दुसरी कोरडवाहू खेड्यांतली. भारतातल्या कर्करोगाबद्दल आज जे खात्रीने सांगता येते, त्यातला मोठा वाटा या दोन ठिकाणच्या नोंदींचा आहे.

रोगाची अशी मोजदाद करण्याची कल्पना युरोप-अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजली. जर्मनीतल्या हॅम्बर्ग शहरात 1926 मध्ये पहिली नोंदणी सुरू झाली, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात 1935 पासूनच्या रुग्णांच्या नोंदी गोळा झाल्या आणि 1942 मध्ये डेन्मार्कने संपूर्ण देशाची नोंदणी हाती घेतली. त्या काळात भारतात कर्करोग फारसा होत नाही, असा समज डॉक्टरांमध्येही होता. नाथ आणि ग्रेवाल या संशोधकांनी 1930 च्या दशकात निरनिराळ्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील शवविच्छेदनाच्या आणि तपासण्यांच्या नोंदी चाळल्या व हा समज खोडून काढला. रोग कमी नव्हता. कर्करोग होण्याच्या वयापर्यंत पोचणारी माणसेच कमी होती.

मुंबईत परळला 1941 मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले आणि एकाच छताखाली हजारो रुग्ण दिसू लागले. तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी रुग्णाच्या गाठीबरोबरच त्याच्या राहणीकडेही पाहिले. त्यांनी 1945 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात भारतीय सवयींशी जोडलेल्या तीन प्रकारच्या कर्करोगांचे वर्णन आहे : कमरेला घट्ट कसलेल्या धोतराच्या काचण्याने त्वचेला होणारा, चुन्यात मळलेली खैनी खालच्या ओठात धरल्याने होणारा आणि पेटते टोक तोंडात ठेवून चुट्टा ओढल्याने टाळूला होणारा. रोगाची कारणे माणसाच्या रोजच्या जगण्यात शोधण्याचा हा दृष्टिकोन पुढच्या सगळ्या कामाचा पाया ठरला.

पण रुग्णालयातल्या नोंदींना एक मूळची मर्यादा असते. टाटामध्ये बिहारपासून केरळपर्यंतचे रुग्ण येत, आणि मुंबईतले कित्येक रुग्ण टाटाची पायरीही न चढता दुसऱ्या दवाखान्यात जात. शंभर रुग्णांपैकी तीस जणांना तोंडाचा कर्करोग आहे एवढे अशा नोंदींतून कळेल. एक लाख लोकांमागे तो दरवर्षी कितीजणांना होतो, हे कळणार नाही. त्यासाठी अंशाखाली छेद लागतो. छेद म्हणजे त्या हद्दीत राहणारी, वय आणि लिंगानुसार मोजलेली सगळी माणसे, ज्यांना रोग झाला नाही तीसुद्धा. नोंदणी आणि रुग्णालयाचे दप्तर यांतला फरक हाच आहे. तो साधा दिसतो, पण आजही वर्तमानपत्रांतल्या बातम्यांत एखाद्या रुग्णालयाचे आकडे सरसकट राज्याचे म्हणून छापले जातात.

मुंबईतला हा छेद शोधण्याचे काम डॉ. दाराब जस्सावाला यांनी अंगावर घेतले. टाटा मेमोरियलमधले हे शल्यविशारद 1951 मध्ये नवल टाटा यांच्यासह इंडियन कॅन्सर सोसायटीच्या स्थापनेतही होते. याच सोसायटीने, अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या मदतीने, मुंबईची रजिस्ट्री सुरू केली. हद्द ठरली बृहन्मुंबईची. 1961 च्या जनगणनेत या हद्दीत सुमारे 41.5 लाख लोक होते आणि त्यांची वयवार, लिंगवार आणि धर्मवार मोजणी हाताशी होती. मुंबईत किमान एक वर्ष राहत असलेल्या माणसाचीच नोंद घ्यायची, असा नियम करण्यात आला. उपचारासाठी येऊन नातेवाइकांकडे उतरलेला रुग्ण त्यामुळे आकड्यातून वगळला जाई. ज्या शहरात दर दुसरा माणूस गावाहून आलेला, तिथे हा नियम पाळताना प्रत्येक रुग्णाला पत्ता विचारून थांबता येत नसे. इथे कधीपासून राहता, हेही विचारावे लागे.

कर्करोगाची खबर सरकारला देण्याची सक्ती तेव्हा कोणत्याही डॉक्टरवर नव्हती. म्हणून रजिस्ट्रीची माणसेच रुग्णालयांत जात. वॉर्डातल्या रुग्णांशी बोलायचे, केसपेपर पाहायचे, पॅथॉलॉजी आणि क्ष-किरण विभागांच्या वह्या उतरवायच्या, लहान नर्सिंग होमही सोडायची नाहीत आणि शेवटी महानगरपालिकेच्या मृत्युनोंदी तपासायच्या. मृत्यूच्या दाखल्यावर कर्करोग लिहिला आहे पण रजिस्ट्रीत नाव नाही, असा माणूस सापडला की उलट्या दिशेने शोध सुरू होई : तो कोणत्या डॉक्टरकडे होता, निदान कोणी केले, कधी केले. केवळ दाखल्यावरूनच कळलेले रुग्ण किती आणि सूक्ष्मदर्शकाखाली निदान पक्के झालेले किती, या दोन प्रमाणांवरून नोंदणीचा कस ठरतो. पहिले प्रमाण वाढले तर रजिस्ट्रीच्या हातून जिवंत रुग्ण निसटत आहेत असे समजायचे.

सर्वांत किचकट काम दुबार नोंदी ओळखण्याचे. एकच रुग्ण आधी जवळच्या दवाखान्यात, मग केईएम रुग्णालयात, मग टाटात जातो आणि तीन ठिकाणी तीन तऱ्हेने त्याचे नाव लिहिले जाते. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचे नाव गाळलेले, कुठे इंग्रजी स्पेलिंग वेगळे. विवाहित स्त्रीचे नाव एका वहीत माहेरचे तर दुसऱ्या वहीत सासरचे. वय बहुतेकांनी पाचाच्या किंवा दहाच्या पटीत सांगितलेले. संगणक येण्याआधी कार्डांच्या गठ्ठ्यांतून हे जुळवण्याचे काम कारकुनांच्या स्मरणशक्तीवर आणि चिकाटीवर चाले. या कर्मचाऱ्यांची नावे कोणत्याही शोधनिबंधाच्या माथ्यावर नाहीत. निबंधातल्या प्रत्येक आकड्यात मात्र त्यांची मेहनत आहे. जुळवणी झाली की अवयव आणि गाठीचा प्रकार यांना आंतरराष्ट्रीय संकेतांक दिले जात. मग वयानुसार दर काढून ते एका ठरलेल्या प्रमाण लोकसंख्येवर बसवले जात. तरुणांची मुंबई आणि वृद्धांचे डेन्मार्क यांची तुलना त्याशिवाय करता येत नाही.

या कष्टांचे फळ लवकर मिळाले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था जगभरच्या विश्वासार्ह नोंदण्यांचे आकडे ठरावीक वर्षांनी एका ग्रंथमालेत छापते. या मालेच्या 1970 मधल्या दुसऱ्या खंडात मुंबईचे 1964 ते 1966 चे आकडे आले. धर्मवार जनगणनेचा छेद उपलब्ध असल्याने जस्सावाला आणि त्यांचे सहकारी आणखी खोलात जाऊ शकले. एकाच शहराच्या हवेत, एकच पाणी पिणाऱ्या समाजांत रोगाचे चित्र किती निराळे आहे हे त्यांनी दाखवले. पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचा दर इतरांपेक्षा बराच जास्त होता. त्यांची लग्ने उशिरा होत, मुले थोडी असत. गर्भाशयमुखाचा कर्करोग हिंदू स्त्रियांत अधिक आणि मुसलमान व पारशी स्त्रियांत कमी आढळला. पारशांत तोंडाचा व घशाचा कर्करोगही कमी होता, आणि अग्नीला पवित्र मानणाऱ्या या समाजात धूम्रपान निषिद्ध मानले जाई. तंबाखू चघळणारे आणि ओढणारे यांच्या धोक्याचा मुंबईतला तौलनिक अभ्यासही 1971 मध्ये प्रसिद्ध झाला. रोगाची नोंद कारणाच्या शोधापर्यंत कशी पोचते, याचे हे भारतातले पहिले ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

सत्तरच्या दशकात पुणे आणि औरंगाबाद, तर 1980 मध्ये नागपूर येथे सोसायटीने मुंबईच्या धर्तीवर नोंदण्या सुरू केल्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने डिसेंबर 1981 मध्ये राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम जाहीर केला आणि जानेवारी 1982 पासून मुंबई, बंगळूर व मद्रास येथील लोकसंख्याधारित नोंदण्या आणि चंदीगड, दिब्रुगड व तिरुअनंतपुरम येथील रुग्णालयाधारित नोंदण्या एकाच पद्धतीने काम करू लागल्या. पुढे दिल्ली आणि वायुदुर्घटनेने होरपळलेले भोपाळ यांची भर पडली. मात्र ही सगळी शहरे होती, आणि देशाची तीन चतुर्थांश वस्ती खेड्यांत होती. खेड्यातल्या कर्करोगाबद्दल जे काही बोलले जाई तो अंदाज असे.

बार्शी तालुका सोलापूर जिल्ह्यात, तर त्याला लागून असलेले भूम आणि परंडा हे तालुके तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात. ज्वारीचा, अवर्षणाचा मुलूख. बार्शीत नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर रुग्णालय उभे राहिले होते आणि डॉ. बी. एम. नेने ते चालवत होते. टाटा मेमोरियलच्या साहाय्याने आणि राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग म्हणून तीन तालुक्यांतील 346 गावे आणि त्यांतले सुमारे चार लाख लोक ही नव्या नोंदणीची हद्द ठरली. साथरोगशास्त्रज्ञ डॉ. कस्तुरी जयंत यांचा तिच्या आखणीत आणि आकड्यांच्या मांडणीत मोठा वाटा होता.

मुंबईची रीत इथे चालणार नव्हती, हे पहिल्यापासून दिसत होते. शहरात रुग्ण आज ना उद्या कोणत्या तरी रुग्णालयाच्या दारात येतो आणि तिथे रजिस्ट्रीचा माणूस त्याला गाठतो. खेड्यात अनेक रुग्ण दारापर्यंत पोचतच नव्हते. घरात गाठ वाढायची, देवऋषी आणि झाडपाला व्हायचा, आणि माणूस निदानावाचून जायचा. मृत्यूच्या नोंदीत कारण म्हणून ‘म्हातारपण’ किंवा ‘ताप’ लिहिले जाई. स्त्रियांच्या बाबतीत तर ‘अंगावरून जाणे’ हा त्रास लाजेपोटी नवऱ्यालाही सांगितला जात नसे. रुग्णालयांच्या वह्या उतरवून अशा प्रदेशात नोंदणी केली असती, तर खेड्यात कर्करोग नाही असाच निष्कर्ष निघाला असता.

म्हणून बार्शीत नोंदणीच गावात गेली. प्रशिक्षित कार्यकर्ते ठरलेल्या काळाने प्रत्येक गावाला भेट देत, गावातल्या जाणत्या माणसांशी ओळख ठेवत, घरोघर बोलत आणि बैठका घेत. न भरणारी जखम, तोंडातला पांढरा चट्टा, स्तनातली गाठ, पाळी गेल्यावर पुन्हा जाणारे रक्त, गिळताना होणारा त्रास : ही लक्षणे सांगायची, ज्यांना ती आहेत त्यांना बार्शीला तपासणीसाठी यायला तयार करायचे आणि आलेल्याचे निदान पक्के करायचे. बायकांशी बायकांनी बोलणे इथे निर्णायक ठरे. दात घासायला मिश्री लावणाऱ्या आणि दिवसभर ती तोंडात ठेवणाऱ्या बायकांना या सवयीचा तोंडाच्या रोगाशी संबंध असतो हे सांगणारे दुसरे कोणी नव्हते.

या पद्धतीत एक पेच होता, आणि तो मोलाचा आहे. नोंदणीने तटस्थपणे मोजावे, रोगाच्या वाटेत येऊ नये, अशी शास्त्राची अपेक्षा असते. बार्शीची नोंदणी मोजता मोजता रोगाची वाट बदलत होती. लक्षणे सांगितल्यावर लोक लवकर येत. लवकर आल्याने पूर्वी नोंदीतून सुटणारे रुग्ण दिसत आणि सुरुवातीला दर वाढल्यासारखा भासे. शुद्ध मोजणीच्या दृष्टीने ही अडचण खरी. पण समोर बसलेल्या बाईचे लक्षण ऐकून केवळ वहीत टिपून घ्यायचे आणि उठायचे, हे कोणत्याही शास्त्राला शोभणारे नव्हते. बार्शीने जे केले ते योग्यच होते, आणि त्याचे मोजमापही तिने स्वतःच ठेवले : जागृतीच्या काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात सापडू लागले आणि त्यांचे जगण्याचे प्रमाण सुधारले. 1995 मध्ये हे निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासणीचे एकही नवे यंत्र न आणता, केवळ माहिती आणि जवळचे रुग्णालय यांच्या बळावर हे घडले होते.

आकड्यांनी जे चित्र दाखवले तेही नवे होते. बार्शीच्या खेड्यांतला कर्करोगाचा एकूण दर मुंबईच्या निम्म्याच्या आसपास निघाला. स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग इतर सर्वांच्या फार पुढे होता. मुंबईत मात्र याच काळात दुसरेच वळण आले होते. रजिस्ट्री सुरू झाली तेव्हा मुंबईच्या स्त्रियांमध्येही गर्भाशयमुखाचा कर्करोग पहिला होता. त्याचा दर वर्षागणिक उतरत गेला, स्तनाच्या कर्करोगाचा चढत गेला आणि ऐंशीच्या दशकात त्याने पहिली जागा घेतली. ही घसरण कोणत्याही सरकारी तपासणी मोहिमेमुळे झाली असे म्हणता येत नाही, कारण तशी मोहीम शहरात नव्हती. लग्नाचे वाढलेले वय, कमी बाळंतपणे, नळाचे पाणी आणि स्वच्छतेची सोय ही त्याची संभाव्य कारणे मानली जातात, आणि यांतल्या पहिल्या दोन गोष्टींनी स्तनाचा कर्करोग वाढायला हातभारही लागतो. दहा-पंधरा वर्षांच्या नोंदीत असा उलटा-सुलटा प्रवाह दिसत नाही. त्याला तीन-चार दशकांची एकसारखी, त्याच हद्दीची आणि त्याच नियमांची नोंद लागते. मुंबईच्या दप्तराचे मोल त्यामुळेच वर्षागणिक वाढत गेले.

बार्शीच्या नोंदणीचा सर्वांत मोठा वापर 1999 नंतर झाला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, टाटा मेमोरियल आणि बार्शीचे रुग्णालय यांनी उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची मोठी चाचणी सुरू केली. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रिया 52 ग्रामसमूहांतून घेण्यात आल्या आणि समूहांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे चार गटांत वाटणी झाली : एका गटात एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मीअर म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगर म्हणजे सौम्य ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्यात नेहमीच्या सोयी. कोणाला रोग झाला, कोण दगावले, हे पुढची आठ वर्षे शोधत राहायचे होते. नोंदणीने मुरवलेली गावभेटींची आणि मृत्युनोंदी तपासण्याची घडी नसती, तर सव्वा लाखांहून अधिक स्त्रियांचा असा माग ठेवता आला नसता.

निष्कर्ष 2009 मध्ये जाहीर झाले. एचपीव्ही चाचणीच्या 34,126 स्त्रियांच्या गटात या रोगाने 34 मृत्यू झाले होते; तुलनेच्या 31,488 स्त्रियांच्या गटात 64. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यूंचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. पॅप स्मीअर आणि डोळ्यांनी पाहणी या दोन गटांत मृत्यू लक्षणीय कमी झाले नाहीत. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने केलेल्या दुसऱ्या चाचणीत मात्र आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या व्हिनेगर-पाहणीमुळे मृत्यूंत 31 टक्के घट झाली. एकदाच केलेली आणि वारंवार केलेली पाहणी यांत फरक पडतो, हे या दोन निकालांवरून लक्षात येते. जागतिक आरोग्य संघटना आता एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती देते, आणि त्यामागच्या पुराव्यांत मराठवाड्यातल्या या गावांचा पुरावा महत्त्वाचा आहे. या चाचण्यांवर आक्षेपही आले. तपासणीचा उपयोग होतो हे अन्य देशांत दिसलेले असताना तुलनेच्या गटाला तपासणीविना का ठेवले, असा प्रश्न विचारला गेला. त्या गटाला माहिती आणि कुठे जावे याचा सल्ला मिळाला होता, तरीही आक्षेप वजनदार आहे. त्या 64 स्त्रियांकडे केवळ आकडा म्हणून पाहता येत नाही.

नव्या शतकात नोंदणीचे जाळे पसरले. औरंगाबाद, पुणे आणि नागपूरबरोबर वर्धा जिल्हा आणि उस्मानाबाद-बीड हे जिल्हे राष्ट्रीय कार्यक्रमात आले. राष्ट्रीय कार्यक्रमाने 2012 ते 2016 या वर्षांचा अहवाल 2020 मध्ये प्रसिद्ध केला, त्यात देशभरच्या 28 नोंदण्या आहेत. पुरुषांमधला सर्वाधिक दर मिझोरममधल्या आयझॉल जिल्ह्याचा, लाखामागे 269.4, सर्वांत कमी उस्मानाबाद-बीडचा, 39.5. स्त्रियांमध्येही सर्वांत कमी दर याच दोन जिल्ह्यांचा, 49.4. एवढा कमी आकडा पाहिला की नोंदच अपुरी असावी अशी शंका येते, आणि काही प्रमाणात ती रास्तही असेल. पण शेजारच्या बार्शीत 1987 पासून गावोगाव शोधूनही दर शहराच्या तुलनेने कमीच राहिला. या पट्ट्यात कर्करोग खरोखर कमी होतो, असे म्हणायला बार्शीच्या चिकाटीचाच आधार आहे.

देशातल्या सुमारे दहा टक्के लोकसंख्येवरच अशा नोंदण्यांची नजर आहे, आणि त्यांतल्या बहुतेक शहरी आहेत. काही राज्यांनी कर्करोगाची खबर देणे बंधनकारक केले असले, तरी नोंद शेवटी कार्यकर्त्याच्या पायपिटीवरच उभी राहते. छेदाचा प्रश्नही नव्याने समोर आला आहे. 2021 ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे नोंदण्यांना 2011 च्या आकड्यांवरून पुढचा अंदाज बांधून दर काढावे लागतात. ज्या तालुक्यांतून तरुण माणसे पुण्या-मुंबईकडे जातात आणि वृद्ध मागे राहतात, तिथे हा अंदाज वर्षागणिक सैल होत जातो. नवी जनगणना हाती येईपर्यंत मधल्या वर्षांचे दर तात्पुरते मानावे लागतील आणि नंतर ते पुन्हा काढावे लागतील.